दिंडीतली थकलेली माणसं पंढरीला कशी गेली



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. मंडळींनी मला सांगितलं, महाराज, तुम्ही इतिहास लिहा. माझं शिक्षण चौथी. शेती आणि कीर्तन यापलीकडे हातात लेखणी फार धरली नाही, तरी चुकलंमाकलं पोटात घालावं. विणेकऱ्यांची परंपरा, मठाची जागा, अन्नदानाचे मानकरी यांवर दुसऱ्यांनी लिहिलं आहे, त्यांची नावंही तिथं आली आहेत. मी एकच गोष्ट लिहिणार आहे. जी माणसं चालू शकत नव्हती ती पंढरीला कशी गेली? चालणाऱ्यांचा इतिहास सगळे सांगतात. पाय गेलेल्यांचा कोण सांगणार?

दिंडीच्या जुन्या वह्या आपल्या मारुतीच्या देवळात पेटीत आहेत. चार-पाच वाळवीनं खाल्ल्या, बाकीच्या वाचता येतात. पहिली वही १९२५ सालची. त्यात अभंगांचा क्रम नाही की प्रवचनाचं टिपण नाही, निव्वळ हिशोब आहे. ज्वारी इतकी, डाळ इतकी, कंदिलाचं तेल, बैलांना वैरण, आणि त्याखाली एक ओळ, “गाडीवर माणसे ३”. पुढच्या साली ४, मग एका साली ७. ही गाडीवरची माणसं म्हणजे दिंडीतली म्हातारी. सामानाची एकच बैलगाडी होती. भांडी, पोती, पाल, सगळं तिच्यात. माझे आजोबा सांगायचे, पहिल्या विणेकऱ्यांचा दंडक असा की चढाला माणूस उतरवायचा नाही, पोतं उतरवायचं. उतरवलेलं पोतं तरण्या पोरांनी डोक्यावर घ्यायचं. आजोबांनी स्वतः ज्वारीचं पोतं चढावर वाहिलेलं, आणि गाडीत बसलेली म्हातारी कोण, तर त्यांच्याशी बांधावरून भांडणारी भाऊबंदातली चुलती. हे सांगताना ते दर वेळी हसायचे.

तेव्हा बैलगाडीशिवाय दुसरं साधन नव्हतं असं नाही. बार्शी लाईट होती. आताच्या पोरांनी ती पाहिली नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. अडीच फूट रुंदीच्या रुळावरची छोटी रेल्वे. कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरानं ती काढली. १८९७ साली बार्शी रोडपासून, म्हणजे आताच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत सुरू झाली. १९०६ ला पंढरपूरपर्यंत आली, १९११ ला तिकडं लातूरपर्यंत, आणि १९२७ ला पंढरपुराहून मिरजेपर्यंत गेली. म्हणजे आपली दिंडी निघाली त्याच्या आधीच एकोणीस वर्षं पंढरीला रेल्वे जात होती. तिची मालकी खाजगी कंपनीची होती. १९५४ च्या जानेवारीत ती सरकारच्या रेल्वेत आली.

यात्रेच्या दिवसांत डबे पुरायचे नाहीत, मग मालाच्या डब्यात माणसं भरायचे. आजोबा त्यातून एकदा आले होते. बसायला जागा नाही, धरायला दांडी नाही, कुणाचं बोचकं कुणाच्या डोक्यावर. पण एक गोष्ट त्या गाडीत चांगली होती, ती मी लहानपणी डोळ्यांनी पाहिली आहे. डबा बुटका होता. माझी आजी पाठीत वाकलेली, तिला एका बाजूनं मी आणि एका बाजूनं आई असा हात दिला की ती चढायची. गाडीचा वेगही असा की म्हाताऱ्या माणसाला भीती वाटायची नाही. उतरून, शेतातला हरभरा उपटून परत चढता येतं, असं लोक थट्टेनं म्हणत. मोडनिंबला गाडी थांबली की आजी खिडकीतून हात जोडायची. पंढरपूर अजून लांब असायचं, पण ती म्हणायची, दिशा तर तीच हाय ना.

ती छोटी रेल्वे पुढं मोठी झाली. कुर्डुवाडी-पंढरपूर रूळ २००१ च्या सुमारास रुंद झाले, लातूरकडचे आणि मिरजेकडचे त्यानंतर. गाड्या वाढल्या, लांबून लांबून लोक थेट पंढरीला यायला लागले, हे चांगलंच झालं. पण डब्याची पायरी उंच झाली. मोठी गाडी आली तेव्हा लोकांनी पेढे वाटले. पायरीकडं कुणाचं लक्ष गेलं नाही, माझंही नाही. माझे गुडघे तेव्हा शाबूत होते.

आता यष्टीकडं येतो. पुस्तकात एसटी लिहितात, आपण यष्टीच म्हणतो, तेच लिहितो. १९४८ सालच्या १ जूनला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली यष्टी धावली. लाकडी बॉडीची गाडी होती. त्याच्या आधी खाजगी सर्व्हिस मोटारी होत्या, लढाईच्या काळात तर कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या. त्यांना वेळ नाही की भाड्याचा नेम नाही. गाडी भरेपर्यंत हलायची नाही. यष्टी आल्यावर ठरलेल्या वेळेला ठरलेल्या भाड्यात माणूस जाऊ लागला. १९६० ला महाराष्ट्र झाला आणि मुंबई राज्याचं महामंडळ होतं ते महाराष्ट्राचं झालं.

आपल्या गावाला यष्टी फार उशिरा आली. १९७२ चा दुष्काळ पडला, तेव्हा खडी फोडायची कामं निघाली. आमच्या आईनं त्या कामावर खडी फोडली आहे, मी तेव्हा तेरा वर्षांचा, पाटी उचलायचो. त्याच खडीचा आपला फाट्यापासूनचा रस्ता. रस्ता झाल्यावर दोन वर्षांनी गाडी आली. गाडीला नारळ फोडला, बायकांनी ओवाळलं, ड्रायव्हरला टोपी-उपरणं दिलं. रात्री मुक्कामी गाडी असायची. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपायचे. भाकरी एकेका घरची पाळीनं ठरलेली. सकाळी सहाला गाडी निघायची. ज्याला दवाखाना आहे, कोर्ट आहे, लेकीकडं जायचं आहे तो आधीच येऊन बसलेला असायचा. कुणी म्हातारं यायचं राहिलं तर कंडक्टर हाक मारायचा, “अहो बाबा, चला की, किती वाट बघायची?” गाडी त्याच्यासाठी दोन मिनिटं थांबायची. आता अशी थांबली तर कंडक्टरलाच जाब विचारतील.

मुक्कामी गाडी आल्यापासून दिंडीच्या वहीत “गाडीवर माणसे” ही ओळ हळूहळू बंद झाली. म्हातारी माणसं दशमीला यष्टीनं पंढरपूरला जाऊ लागली आणि दिंडीला मठात भेटू लागली. पण एक गोष्ट झाली. बैलगाडीवर बसून जे जायचे त्यांची नोंद वहीत व्हायची, कारण ते दिंडीच्या गाडीत होते. यष्टीनं जाणारा दिंडीतून वजा झाला. कुणी तसा ठराव केला नाही, आपोआप झालं. पंगतीत त्याला शेवटी बसवायचं, मठात त्याची पथारी दाराशी. तिकीट काढून आलेला, असं पोरं हळूच म्हणायची.

पोरांना दोष देऊन काय करू? मीच ते वाढवलं. ही गोष्ट लिहायची की नाही यावर चार दिवस विचार केला.

साधारण तीस वर्षांपूर्वीची आषाढी. मी पस्तिशीतला, आवाज चांगला, गावोगाव कीर्तनाला बोलावणं. दिंडीचं कीर्तन दशमीच्या रात्री मठात होतं. मी रंगात आलो आणि म्हणालो, पायानं केली ती वारी, गाडीत बसून केली ती तिकिटाची वारी, तिचा पुण्याईचा हिशोब कंडक्टरच्या पेटीत. लोक हसले. टाळ्या पडल्या. समोर खांबाला टेकून आमचे जुने विणेकरी बाबा बसले होते. चाळीस वाऱ्या पायी केलेले, मला लहानपणी चाल शिकवलेली ती त्यांनीच. त्या साली त्यांचा गुडघा पार गेला होता, म्हणून पहिल्यांदा यष्टीनं आले होते. मला ते ठाऊक नव्हतं असं म्हणत नाही. ठाऊक होतं. बोलण्याच्या भरात ध्यानात राहिलं नाही. बाबा काही बोलले नाहीत. काठी घेतली, उठले, बाहेर जाऊन ओट्यावर बसले. सकाळी चंद्रभागेवर दिसले, मी पाया पडलो, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. पुढल्या साली आषाढीला मी त्यांना म्हणालो, बाबा, गाडीनं चला, मी जागा धरतो. ते म्हणाले, “नको रं, तिकिटाची वारी कशाला.” त्या साली ते घरीच राहिले. माघात गेले.

पंचवीस वर्षं मी त्यावर कीर्तनात एक शब्द काढला नाही. मग २०२० साल आलं. कोरोनाचा काळ, वारी पायी निघणार नाही असं ठरलं. आषाढी एकादशी १ जुलैला होती. ३० जूनला माऊलींच्या पादुका आळंदीहून आणि तुकोबारायांच्या पादुका देहूहून यष्टीनं पंढरीला निघाल्या. फुलांनी सजवलेली गाडी, आत मोजके वारकरी. आम्ही घरी टीव्हीपुढं बसून बघत होतो. हैबतबाबांनी सुरू केलेला सोहळा, दोनशे वर्षांची वाट, आणि माऊली यष्टीच्या सीटवर. माझी बायको म्हणाली, “मग आता माऊलींची वारी पण तिकिटाचीच का?” ती त्या रात्री कीर्तनाला होती. मी उठून गोठ्यात गेलो. पुढच्या साली, २०२१ लाही पादुका गाडीनंच गेल्या.

त्यानंतर यष्टीत बरंच काही घडलं. २०२१ च्या कार्तिकीला कामगारांचा संप होता, तो पुढं २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. कामगारांच्या घरात चूल पेटत नव्हती हे आपल्याला ठाऊक आहे, आपल्याच गावचे दोघं त्यात होते. पण त्या कार्तिकीला कळलं की यष्टी नसली म्हणजे म्हाताऱ्या माणसाला गावाच्या वेशीबाहेर जगच नाही. मग २०२२ च्या ऑगस्टात पंचाहत्तर वर्षांवरच्यांना यष्टीचा प्रवास फुकट झाला. पासष्ट ते पंचाहत्तर यांना अर्धं तिकीट. २०२३ च्या मार्चपासून सगळ्या बायांना अर्धं. माझी थोरली बहीण तेव्हा अठ्ठ्याहत्तरची, सगळा जन्म लेकाकडं, मग नातवाकडं तिकिटाला पैसे मागत गेलेली. ती पहिल्यांदा कुणाला न विचारता माहेरी आली, आणि दारातच म्हणाली, “सरकारनं पाठवलंय मला.” हा मोठा उपकार आहे, तो मी कीर्तनात सांगतो. रेल्वेत मात्र उलटं झालं. तिथं साठ वर्षांच्या पुरुषाला चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला पन्नास टक्के सवलत होती, ती २०२० च्या मार्चात थांबली.

तर तिकीट फुकट झालं. पण गाडीच नाही. आपली मुक्कामी गाडी कोरोनात बंद झाली ती झालीच. मी आणि माजी सरपंच तिघा-चौघांना भेटून आलो, एका कचेरीत अर्जावर शिक्का मारून घेतला. प्रवासी मिळत नाहीत असं उत्तर मिळालं. ते खोटं म्हणता येत नाही. घरटी मोटरसायकल झाली, पोरं फटफटीवर जातात, पाचवीच्या पुढची लेकरं दुसऱ्या गाडीनं जातात. राहिले कोण? म्हातारे. गाडीत रोज सात-आठ म्हातारे, आणि त्यांचंही तिकीट फुकट. गाडी चालवायची कशावर? हे मला कळतं. पण गाव ते फाटा साडेतीन किलोमीटर आहे. पंचाहत्तर वर्षांचं माणूस साडेतीन किलोमीटर उन्हात चाललं तर मग त्याला सवलत कशाला, ते पायीच पंढरीला जाईल की.

फाट्यापर्यंत जायला वडाप आहे. जीपमध्ये पुढं चार, मागं दहा, टपावर सामान. दोन वर्षांपूर्वी आमच्या चुलतीला मागच्या फळीवर बसवलं. उतरताना पाय लटपटला, पडली, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेला दीड एकराची सोयाबीन गेली. ती यष्टीनं फुकट जाणार होती, फक्त यष्टीपर्यंत जाताना पडली. आता खाटेवरच असते. दिंडी निघते तेव्हा तिची खाट रस्त्याकडेला आणतात. वीणा तिच्यापुढं थांबते, मग पुढं जाते. हा नेम गेल्या दोन वर्षांचा आहे, वहीत लिहिलेला नाही, म्हणून इथं लिहितो.

तेव्हा आम्ही काय केलं ते सांगतो. आषाढीच्या वेळी गावातले चाळीस किंवा जास्त भाविक एकत्र मागणी करतील तर यष्टी थेट गावातून पंढरपूरला मिळते. गेल्या साली आम्ही यादी केली, त्रेचाळीस नावं झाली. त्यात पंचाहत्तरच्या वर अकरा. गाडी मारुतीच्या पारापुढं आली. चुन्याची पिशवी हातात घेऊन पोरांनी गाडी कुठं उभी करायची त्याची खूण आधीच मारली होती, कारण पाराच्या कडेला गाडी लावली तर पायरी खाली येते. यष्टीची पहिली पायरी मी टेप घेऊन मोजली. जमिनीपासून सव्वा फुटाच्या वर भरली. नऊवारीतल्या म्हातारीला ती चढायची म्हणजे कुणीतरी ओढायचं आणि कुणीतरी ढकलायचं, आणि लाजेनं तिचा जीव अर्धा. म्हणून आपल्या सुतारांनी बाभळीचा एक ठोकळा केला, सहा इंच उंचीचा, वर गोणपाट ठोकलेलं. तो आता दिंडीचा ठोकळा. टाळ-मृदंगाबरोबर पेटीत असतो.

पंढरपुरात उतरल्यावर खरी अडचण. यात्रेच्या दिवसांत गर्दी वाटली जावी म्हणून चार स्थानकं असतात, चंद्रभागा, भीमा, विठ्ठल आणि पांडुरंग. नावं ऐकून म्हाताऱ्यांना बरं वाटतं, पण आपली गाडी येताना कुठं सोडणार आणि जाताना कुठून निघणार हे उतरायच्या आधी कंडक्टरला विचारून कागदावर लिहून घ्यावं. आमचे दोघं गेल्या साली विठ्ठलला जायचे ते पांडुरंगला जाऊन बसले, रात्री बारापर्यंत. विचारलं तर म्हणाले, एकच की रं दोन्ही. स्थानकापासून मठापर्यंतची वाट गर्दीची, वाहनं बंद. म्हणून प्रत्येक दोन म्हाताऱ्यांमागं एक तरणा असा नेम केला. पैलतीराला पासष्ट एकरावर ज्यांच्या दिंड्या उतरतात त्यांनीही असं करावं असं वाटतं. दर्शनाच्या रांगेत ज्याला उभं राहवत नाही त्यानं मुखदर्शन घ्यावं, तेही होत नसेल तर कळसाचं. आमच्या आजीला शेवटची तीन वर्षं कळसच दिसला, आणि घरी येऊन ती पांडुरंगाच्या कानातल्या मकरकुंडलांचं वर्णन करायची.

या माघात दिंडीची बैठक झाली. मी विषय काढला की गाडीनं येणाऱ्यांची नावं वहीत घ्यावीत. चोपदार म्हणाले, महाराज, मग उद्या तरणी पोरं पण गाडीनंच येतील, चालायचं कोण? त्यांचं म्हणणं खोटं नाही. दिंडी चालण्यानंच दिंडी आहे. तासभर वाद झाला. शेवटी ठरलं, साठीच्या आतल्या धडधाकट माणसाचं नाव पायी आलं तरच. साठीच्या वर किंवा पाय अधू असेल तर कसंही येवो, नाव वहीत, पथारी मठात आत, पंगत पहिली. चोपदारांनीच मग सांगितलं, जुन्या वहीसारखी ओळ घाला. म्हणून यंदाच्या वहीत ओळ परत सुरू झाली, “गाडीवर माणसे”.

बैठक उठल्यावर मी पेटीतली ती जुनी वही काढली. त्या सालच्या यादीत विणेकरी बाबांचं नाव नाही. चाळीस वर्षं पहिल्या ओळीत आहे, त्या साली नाही. चोपदार आणि खजिनदार यांना साक्षीला घेऊन मी समासात लिहिलं, बाबांचं नाव आणि पुढं “यष्टीने आले”. शाई वेगळी आहे, बघणाऱ्याला कळेल.

यंदाची गाडी दशमीला सकाळी सहाला मारुतीपुढून निघेल. नावं खजिनदारांकडं पंधरा दिवस आधी द्यावीत. आधार कार्ड खरं आणावं, झेरॉक्स नको, त्यावरून गाडीत उगाच वाद होतो. ठोकळा माझ्या घरी आहे, निघायच्या दिवशी मीच घेऊन येतो. यंदा माझं नावही त्या यादीत आहे.